कोणी न उतरता

शनिवार, ११ जानेवारी २०२५

प्रिय उझ्मा,

फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला आहे, म्हणून हे पत्र. शाळेत शनिवारी जेवणानंतर सिस्टर बेनेडिक्टा आपल्याला घरी पत्रं लिहायला बसवायच्या. आपण ‘आम्ही मजेत आहोत’ एवढं लिहून उरलेल्या पानावर मांजरं काढायचो. आज मी मजेत नाही.

तू आमच्या खोल्या पाहिल्या आहेस. ह्यांनी पिंपरीच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर चाकणच्या अलीकडे उतारावर जागा घेतली आणि कामगार कुटुंबांसाठी खोल्या बांधल्या. हे गेले, मी तिथेच राहिले. गटार वर रस्त्याकडेला आणि खोल्या खाली, म्हणून सेप्टिक टँकच्या शेवटच्या कप्प्यात मोटर बसवली होती. ती पाणी वर ढकलायची. तिच्यात सारख्या चिंध्या आणि केस अडकायचे, मग जयसिंगची माणसं यायची. आमच्या भागात मैला उपसायची गाडी त्याची आणि मोटर दुरुस्तीही त्याचीच. दुसऱ्या कोणाची गाडी आली तर काचा फुटतात, आणि चालकाचं डोकंही.

दिवाळीनंतर मोटर पुन्हा अडकली. जयसिंगने भिवाला आत उतरवलं. भिवा माझ्याच शेवटच्या खोलीत राहायचा. मी म्हटलं, झाकण थोडा वेळ उघडं राहू द्या, आत वायू असेल. जयसिंग म्हणाला, “बाई, तुमी चहा टाका. ह्याचा बाप पन असाच उतरायचा.”

भिवा अर्ध्या शिडीवरून गोणीसारखा खाली गेला. ओरडलासुद्धा नाही. त्याला काढायला त्याचा जोडीदार उतरला, तोही पडला. वरून आकडे टाकून दोघांना ओढलं. आकडा भिवाच्या गालातून आत शिरला होता. जोडीदार वाचला. भिवाची बायको सावित्रीबाई कणीक मळत होती, तशीच धावत आली आणि कणकेच्या हातांनी त्याचं तोंड पुसत बसली. जयसिंगने नळी मागवली, गाडी धुवावी तसं प्रेत धुतलं आणि पोलिसांना सांगितलं, पाय घसरून पडला.

मी सावित्रीबाईला शब्द दिला आहे, या टाकीत आता कोणी माणूस उतरणार नाही. मोटर काढून टाकते म्हटल्यापासून फोन येतात. “म्हातारे, तुला पन तसंच धुवू.”

तुमच्या दुकानात नळ, पाइप, सगळं असतं. मोटरशिवाय पाणी सोडणारं काही मिळतं का गं? टाकीच्या खाली माझं वावर रिकामं पडलं आहे.

तुझी,
रूपा

*

दिघी, १९ जानेवारी

प्रिय रूपा,

पत्र वाचून जेवण गेलं नाही. फोन डब्यातच राहू दे.

तुला हवी ती वस्तू तू लहानपणी रोज ऐकली आहेस. बोर्डिंगच्या मोरीत वर लोखंडी पेटी होती, आठवते? बराच वेळ गप्प असायची आणि मग कोणी हात न लावता एकदम कोसळायची. आपण तिला ‘मदर सुपिरियर’ म्हणायचो. तू तर तिच्या भीतीने दाराशीच उभी राहायचीस आणि मला आत पाठवायचीस.

तिच्यात सायफन होता. तुला तसाच, पण मोठा हवा. सेप्टिक टँकमधलं निवळलेलं पाणी एका लहान चेंबरमध्ये येतं. चेंबरच्या तळाशी एक घंटा पालथी बसवायची. तिच्या पोटातून वाकडी नळी बाहेर वावराकडे जाते. पाणी चढतं तशी घंटेतली हवा दाबली जाते, शेवटी नळीतून सुटते आणि तिच्यामागून सगळं पाणी एका दमात जातं. घंटेच्या काठापर्यंत उतरलं की आत हवा शिरते आणि थांबतं. वीज लागत नाही. हलणारा, अडकणारा भागही नाही. वावरात खडी भरलेले चर काढायचे. पाणी थेंबथेंब गेलं तर चराचं तोंडच कुजत राहतं. एकदम गेलं तर टोकापर्यंत पोचतं आणि मधल्या वेळात माती सुकते. तळाचा गाळ काही वर्षांनी उपसावा लागेलच, पण तो वरून नळीने. माणूस लागत नाही.

माझा भाऊ तौसिफ भोसरीला त्याच्या शेडमध्ये स्टीलची घंटा करून देईल. दोन प्रकार आहेत. उथळ घंटेला खोदाई कमी लागते, पाणी थोडं थोडं, पण वरचेवर जातं. खोल घंटेला चेंबर खोल लागतं, ती सुटली की जवळजवळ तळ दिसतो. तुझ्या खोल्यांना उथळ पुरेल. वावर चेंबरपेक्षा पुरुषभर तरी खाली आहे ना, तेवढं बघ. वर असेल तर सगळं फुकट.

उझ्मा

*

रविवार, २ फेब्रुवारी

प्रिय उझ्मा,

वावर पुरेसं खाली आहे. मला खोल घंटा हवी. तू हसशील, पण चेंबरमध्ये जितकं कमी पाणी मागे राहील तितकी मला शांत झोप लागेल. खोदाई जास्त झाली तरी चालेल.

खोदाई सुरू झाली आणि बुधवारी जयसिंगचा मुलगा निरंजन दोघांना घेऊन आला. हातात मोटरसायकलच्या चेनी. खोदणारे दोघे चरात वाकलेले होते, त्यांना वर यायलाही दिलं नाही. वरूनच पाठीवर, डोक्यावर चेनी घातल्या. एकाचा कान फाटून लोंबत होता. मी तो पदराने दाबून धरला आणि रिक्षातून चाकणला नेलं. पदर अजून धुतलेला नाही, हात होत नाही.

हाच निरंजन दहावीत माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायचा. शंकरपाळ्यांचा डबा मांडीवर घेऊन म्हणायचा, “मॅडम, ‘आय अ‍ॅम नॉट अफ्रेड’ला अजून काय म्हणतात?” त्या दिवशी जाताना थांबला आणि म्हणाला, “मॅडम, पपा ऐकत न्हाईत. सोडून द्या ना.” विनवतच होता. चेन मात्र हातात तशीच होती, तिच्यावर केस चिकटलेले.

चर मात्र पुरे होणार. सावित्रीबाईने कुदळ घेतली आणि बाकीच्या बायका शिफ्ट सुटली की येतात. तौसिफला घंटा लवकर करायला सांग.

रूपा

*

२६ फेब्रुवारी

प्रिय रूपा,

उत्तराला उशीर झाला. घरात थोडी धावपळ होती.

घंटा तयार आहे, खोलच केली. रविवारी टेम्पो येईल. शेवटचा जोड मी शेडमध्ये उभी राहून दुसऱ्या कारागिराकडून करून घेतला. पाणी भरून तपासली, कुठे गळत नाही. बसवायला तौसिफ येऊ शकणार नाही. सोबत रेखाटन आहे, तुझा गवंडी समजेल. मैलापाणी सोडण्याआधी वाकड्या नळीत स्वच्छ पाणी भरायला विसरू नकोस.

घंटा कोणी केली हे कोणालाही सांगू नकोस. पुन्हा लिहिते, कोणालाही.

उझ्मा

*

१६ मार्च

प्रिय उझ्मा,

तुझं मागचं पत्र एखाद्या पावतीसारखं होतं. तौसिफ माझ्यावर रागावला आहे का? लहान असताना बोर्डिंगच्या फाटकाशी तुझ्या अब्बांबरोबर यायचा आणि माझ्याच हातातून लिमलेटच्या गोळ्या घ्यायचा. आता घंटा बसवायलाही आला नाही. मी उथळ नको म्हटलं, त्याचं वाईट वाटलं असेल तर माझ्या वतीने माफी माग.

घंटा गवंड्याने रेखाटनाबरहुकूम बसवली. नळीत स्वच्छ पाणी भरलं. सावित्रीबाईने तिला हळदकुंकू लावलं. पण ती सुटतच नाही गं! चेंबर भरतं, घंटा बुडते, पाणी पार वर येतं आणि मग चोरासारखं पाझरत राहतं. खोल्यांमध्ये कुजबुज सुरू झाली आहे. जयसिंगची माणसं रस्त्यावरून ओरडून विचारतात, “काय बाई, घंटा वाजली का?”

बाकी इथे सगळं नीट आहे. आशाताई डासांसाठी घरोघर येऊन गेल्या, म्हणाल्या, मैल्याच्या पाइपांची तोंडं बांधून घ्या. मी माझी जुनी फुलाफुलांची साडी फाडली, सगळ्या पाइपांना टोप्या घातल्या, वरून प्लास्टिकची पिशवी आणि सुतळी. इतकं नीटनेटकं दिसतं! माझा पुढचा एक दात पडला. वय झालं, दुसरं काय.

रूपा

*

२३ मार्च

अगं वेडे,

साडी सोड! आधी जा, सोड, मग पुढचं वाच.

चेंबरच्या बाहेर खांद्याएवढा उभा पाइप आहे ना, तो घंटेचं नाक आहे. घंटेतली दाबलेली हवा वाकड्या नळीतून पुढे येऊन तिथून निघते. तू त्याला फुलाफुलांची साडी आणि वर प्लास्टिक बांधून त्याचा जीव कोंडलास. हवा अडली की घंटा सुटत नाही, नुसती पाझरते. डासांसाठी बारीक जाळी लाव, तीही सैल. चाकणच्या सगळ्या आशाताई आल्या तरी पिशवी बांधायची नाही.

रोजे चालू आहेत, हसून घसा कोरडा पडला.

आता दात. या दाताने तू मेसमधले अक्रोड फोडायचीस. वयाने असा एकच, पुढचाच दात पडत नाही. खरं लिही.

उझ्मा

*

१ एप्रिल

प्रिय उझ्मा, ईद मुबारक.

सुटली! साडी काढली आणि पुढच्या वेळी चेंबर भरलं तेव्हा आधी एक मोठा ढेकर आल्यासारखा आवाज, मग घर्र करून सगळं खाली. आम्ही बायका वावरापर्यंत धावलो. चराच्या शेवटच्या टोकाला खडी ओली झाली होती. मला एकदम मोरीच्या दाराशी उभं असल्यासारखं वाटलं. “मदर सुपिरियर!” म्हणून मी ओरडले आणि रडले. सावित्रीबाईला वाटलं, काहीतरी बिघडलं.

दगड होता. खिडकीतून आला, काच आणि दात दोन्ही गेले. तुला काळजी नको म्हणून लिहिलं नव्हतं.

परवा निरंजन कुंपणापलीकडून विचारत होता, “मॅडम, ही चालते कशी?” मी न सांगता घरात निघून आले, पण साडीची गोष्ट एव्हाना सगळ्या वस्तीत झाली आहे. एका बाईने हसत हसत त्यालाही सांगितली.

ईदच्या सुट्टीत तौसिफला पाठव. त्याच्या कानांनी तो आवाज ऐकायला हवा. पाठवशील ना?

रूपा

*

८ एप्रिल

रूपा,

तौसिफ येणार नाही. आत्ता कारण विचारू नकोस. आणि त्या निरंजनला शंकरपाळ्या खाणारा मुलगा समजू नकोस. झाकणाला साखळी आणि कुलूप लाव. आजच.

उझ्मा

*

मंगळवार, २९ एप्रिल

प्रिय उझ्मा,

बरगड्या बांधलेल्या आहेत, म्हणून अक्षर वाकडं येतं आहे.

मी साखळी लावली होती. रविवारी भर दुपारी जयसिंग, निरंजन आणि दोघे जण आले. एकाने पहारीने साखळी तोडली. मी आडवी आले तर जयसिंगने केसांना धरून मला भिंतीवर आपटलं. निरंजनने एक गोणी चोळामोळा करून त्या उभ्या पाइपात कोंबली, पार खाली ठासली. “आता बघू कशी गाते.” मग घण घेऊन चेंबरमध्ये उतरायला लागला.

मी ओरडले, “निरंजन, उतरू नको! आत वायू आहे रे! बाहेरून फोड, पाइप तोड, काही कर, पण उतरू नको!”

तो हसला. म्हणाला, “मॅडम, नो फिअर.”

घंटेवर एकच घाव ऐकू आला. खरंच घंटेसारखा वाजला. दुसरा आलाच नाही.

जयसिंगने दोनदा हाक मारली. मग वाकून आत पाहिलं आणि अंगातला शर्ट फाडत झाकणाकडे निघाला. उझ्मा, मी भिवाच्या जोडीदाराला उतरताना पाहिलं आहे. मला दिसलं, आता हा जाणार, मग ते दोघे जाणार आणि आम्ही चार प्रेतं धुणार. गवंड्याने सोडलेला लोखंडी पाइपचा तुकडा तिथे होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि जयसिंगच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडलेलं मला तळव्यांत कळलं. तो पडला आणि रांगत पुढे निघाला. मी पुन्हा मारलं, त्याच पायावर. “म्हातारे, तुला जाळीन! माझं पोरगं हाय आत!” तो ओरडत होता आणि मी ओरडत होते, “म्हणूनच! म्हणूनच नाही उतरायचं!” सिस्टर बेनेडिक्टांनी मला त्या क्षणी पाहिलं असतं तर त्यांनी काय म्हटलं असतं, मला माहीत नाही.

त्याच्या माणसाने मला लाथ घातली, मी पडले. तोपर्यंत खोल्यांतून सगळे बाहेर आले होते. दोघांना लाटण्यांनी, पाट्यांनी बडवून भिंतीशी दाबून धरलं.

मी पडल्या पडल्या आत पाहिलं. निरंजन घंटेला हात घालून बसल्यासारखा कलंडला होता, पाणी छातीपर्यंत. तोंड उघडं, डोळे पांढरे. मला एवढंच सुचलं, घंटा सुटली तर पाणी जाईल आणि पाण्याच्या जागी वरची हवा आत येईल. पण सुटायला आणखी भरायला हवं. मी म्हटलं, “पाणी ओता! मिळेल ते पाणी ओता!”

उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर एक दिवसाआड येतो. पिंपातलं पाणी म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. कोणी हललं नाही. मग सावित्रीबाई आली. आपलं पिंप ओढत आणलं आणि काठावरून उलटं केलं. तोंडाने चालूच होतं, “मर मेल्या, पन हितं न्हाई मरायचं! तुझ्या बापाच्या दारात जाऊन मर! हितं न्हाई! आता हितं कुनी न्हाई मरायचं!”

मग सगळ्यांची पिंपं आली.

पाणी त्याच्या गळ्याला आलं, हनुवटीला आलं. घंटा सुटेना. मी त्याला वाचवते आहे की बुडवते आहे, मला कळेना. आणि मग तुझी शिवी आठवली. अगं वेडे, साडी सोड. मी पाइपाशी गेले. गोणी इतकी ठासलेली की बोटं आत जाईनात. कोपरा दातांत धरून ओढला. आणखी एक दात हलला, पण गोणी आली.

तो ढेकर आला. मग असा आवाज, की जयसिंगसुद्धा ओरडायचा थांबला. पाणी बघता बघता उतरलं, छातीखाली, कमरेखाली, शेवटी निरंजनच्या घोट्याएवढं. माझा पदर झाकणाच्या तोंडाकडे ओढला जात होता. वरून दोरीचा फास टाकला, त्याच्या काखेत अडकवला आणि आठ-दहा जणांनी ओढलं. खांदा निखळला. ओठ निळे होते. मी त्याची छाती दाबत बसले आणि शेवटी त्याने माझ्या मांडीवर काळं ओकून श्वास घेतला. कोणी उतरलं नाही, उझ्मा. एकही जण उतरला नाही.

पोलीस आले तेव्हा जयसिंग म्हणाला, पाय घसरून पडलो. तेव्हा सावित्रीबाई पुढे आली, म्हणाली, “माझा नवरा घसरला नव्हता. आता ल्ह्या.” तिथे सगळी वस्ती उभी होती. त्यांनी लिहिलं. माझंही लिहिलं, मीच सांगितलं, गुडघा मी मोडला.

निरंजन जगेल म्हणतात.

रूपा

*

४ मे

प्रिय रूपा,

आता तुला सांगते.

फेब्रुवारीत, तुझं घंटेचं पत्र आलं त्या आठवड्यात, तीन जण भोसरीला शेडमध्ये आले. तुझ्या वस्तीतल्या कोणाकडून त्यांना पत्ता मिळाला असावा. तौसिफ घंटेचा काठ घासत होता. त्यांनी त्याचा उजवा हात बाकावरच्या शिकंज्यात घातला आणि दांडा फिरवला. थांबून विचारायचे, पुन्हा करशील का, आणि पुन्हा फिरवायचे. दांडा निरंजनच्या हातात होता. अंगठा वाचला, चार बोटांपैकी दोन कापावी लागली. तुला कळवलं असतं तर तू घंटा नको म्हणाली असतीस. तौसिफने इस्पितळातून पहिली गोष्ट हीच सांगितली, रूपाआपाला कळवू नका, आणि उरलेला जोड कोणाकडून करून घ्यायचा ते.

काल तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. निरंजन चेंबरमध्ये उतरला इथपर्यंत आले आणि तौसिफ उठून गच्चीवर गेला. मीही थांबले. खरं लिहिते, मी तिथे असते तर ती गोणी ओढली असती की नाही, मला माहीत नाही. तू माझ्यापेक्षा चांगली आहेस असं नाही. तुला माहीत नव्हतं. मी ते तुझ्यापासून लपवलं, म्हणून तो मुलगा जिवंत आहे. याचं मी काय करू, सांग.

मगरिबची अजान झाल्यावर तौसिफ खाली आला. म्हणाला, “आपा, पुढचं वाच.” मी शेवटपर्यंत वाचलं. निरंजनबद्दल, जयसिंगबद्दल त्याने एक शब्द विचारला नाही. डाव्या हाताने तो पट्टी बांधलेला हात मांडीवर उचलून ठेवला आणि विचारलं, “गोणी काढल्यावर घंटा एका दमात सुटली का? की मध्ये अडखळली?”

तुझ्या पत्रात ते स्पष्ट नव्हतं.

उझ्मा

*

७ मे

प्रिय उझ्मा,

तुझं पत्र वाचून मी पुन्हा चेंबरपाशी जाऊन उभी राहिले. मला माहीत असतं तर मी ती गोणी ओढली असती का? मीही लिहू शकत नाही.

तौसिफला सांग, एका दमात. घाव लागून घंटेला पोचा आला आहे, तरी एका दमात, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही अडखळली नाही. चराच्या टोकाची खडी ओली झाली होती, सावित्रीबाईने जाऊन हात लावून पाहिली.

हात बरा झाला की त्याला घेऊन ये. मी झाकण उघडणार नाही. वावरात बांधावर तीन खुर्च्या टाकीन. तिथून सगळं ऐकू येतं.

तुझी,
रूपा